एकवीस दिवसांची पट्टी

माझ्या माहेरी कुणालाही विचारा, ही पोरगी लहानपणी कशी होती, तर एकच उत्तर मिळेल: उतावळी. माझी माय म्हणायची, "हिला दम म्हणून न्हाई. भाकरी तव्यावर पडली की उलटायच्या आधी दहादा बघती." तेव्हा मला असं काही ऐकलं की राग यायचा आणि मी फणकाऱ्यानं उठून जायची. आता केस पांढरे झाल्यावर कबूल करते, माय खरंच बोलत होती. त्या उतावळेपणापायी मी एका माणसाचं जे करून बसले, ते आज लिहून काढते. लिहिल्यानं काही भरून निघणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आमचं गाव परतूरपासून बैलगाडीनं अडीच-तीन तासांवर. शाळा म्हणजे मातीच्या माळवदाची एक लांबट खोली, पुढं ओसरी, आणि चौथीपर्यंतच्या सगळ्या पोरांना मिळून एकच मास्तर. मास्तर मुसलमान. निजामाच्या राज्यात ते आमच्याच शाळेत उर्दू शिकवायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि शाळा मराठी झाली. मास्तरांच्या जातीतली दोन-चार घरं तेव्हा गाव सोडून गेली. मास्तर मात्र राहिले. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. म्हातारीला दिसायचं कमी, पण पावलांच्या आवाजावरून ती आम्हा पोरींना ओळखायची.

मास्तर बोलायला मराठी आमच्यासारखंच बोलायचे, इथंच जन्मलेला माणूस. पण लिहिण्याचं काय? चाळिशीत त्यांनी पाटी घेतली आणि आमच्यासोबत बाराखडी गिरवली. जोडाक्षर आलं की अडायचे. मग मला हाक मारायचे, "बेटा, हे जरा लिहून दाव बरं." मी मोठ्या तोऱ्यात जाऊन फळ्यावर लिहून दाखवायची. दुसऱ्या एखाद्या मास्तरानं असं विचारलं असतं का पोरांना? अहो, जीव गेला तरी विचारलं नसतं. या माणसाला त्याची लाज नव्हती. म्हणायचे, "मी बी शिकून राह्यलो, तुम्ही बी शिकून राह्यलात. फरक काय त्यात?"

पण त्यांची खरी शाळा भरायची ती बाहेर. आम्ही बेरीज-वजाबाकी वाफ्यातल्या रोपांवर शिकलो. चौरस म्हणजे काय ते शिकलो ते काठीनं वाफा आखताना. टकळीवर सूत कातायचो, तर कापूस आमच्याच शिवारातला, सरकी काढायची ती पण आमच्याच हातानं. शनिवारी सकाळी सगळी शाळा झाडू-टोपली घेऊन गल्लीत. विहिरीजवळ सांडपाण्याचा चिखल व्हायचा, तिथं आम्ही पोरांनी खड्डा खणून, त्यात दगडगोटे भरून पाणी जिरवलं होतं. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या, "मास्तरानं आमची लेकरं गवंड्याच्या कामाला लावली की वो." नंतर मच्छर कमी झाले तशा गप्प बसल्या.

मोसंबीचं खूळ त्यांनी कुठून आणलं ते मला माहीत नाही. अंबडकडं कुणाच्या तरी बागेत त्यांनी कलमं बांधताना पाहिली होती एवढं ते सांगायचे. आमच्या गावात मोसंबी म्हणजे आजाऱ्याचं फळ. कुणी अंथरुणाला खिळलं की जालन्याहून एखादी आणायची, ती पण चार घरांत चर्चा झाल्यावर. मास्तरांनी ठरवलं की शाळेत कलमं तयार करायची आणि प्रत्येक पोराच्या दारात एक झाड लावायचं. शाळेच्या बाजूला गावकीची मोकळी पट्टी होती, दुपारची गुरं बसायची तिथं. ती त्यांनी मागून घेतली. पाणी माझ्या बाच्या विहिरीचं, कारण विहीर पट्टीला लागूनच होती. आम्ही पोरांनी डोक्यावर टोपल्या घेऊन शेणखत टाकलं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, एक झापाचं फाटक बसवलं, आणि जंबेरीचं बी लावलं. जंबेरी म्हणजे आंबट जातीचं रानटी लिंबू. त्याचं खोड दणकट. त्याच्यावर मोसंबीचा डोळा बसवायचा. डोळा म्हणजे फांदीवर पानाच्या बगलेत असतो तो बारीक कोंब.

जंबेरीचं खोड बोरूएवढं जाड व्हायला दीड वर्ष लागलं. दीड वर्ष आम्ही सव्वीस पोरांनी ती रोपं सांभाळली. ज्याचं त्याचं रोप ठरलेलं. सुट्टीतसुद्धा पाणी घालायला पाळी लावलेली. कोणाचं रोप किती वाढलं त्याची सुतानं मापं घेऊन मास्तर ती भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचे.

या दीड वर्षात गावात दुसरंच काहीतरी शिजत होतं. चार-पाच जणांनी ठरवलं की वर अर्ज करायचा, आमच्या गावाला आपला मास्तर द्या म्हणून. 'आपला' म्हणजे काय ते कुणी फोडून सांगत नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. माझा बा गावातलं वजनदार माणूस. त्याची सही झाल्याशिवाय अर्ज हलणार नव्हता. बा वाईट नव्हता, पण तराजू घेऊन बसायची सवय. तो म्हणाला, "थांबा जरा. मास्तर बाग करून राह्यलाय. कलमं लागली तर माणूस गुणाचा म्हणायचा, राहू द्यायचा. न्हाई लागली तर मंग बघू." हे मास्तरांच्या कानावर गेलंच. ते आम्हाला काही बोलले नाहीत. पण त्यांची आई एकदा ओसरीवर बसून मला म्हणाली, "बेटी, झाड अच्छे से संभालो. इस उमर में मैं किधर जाऊँ?"

म्हणजे आम्हा पोरांना कळत होतं. निदान मला तरी पुरतं कळत होतं, की हे नुसतं झाडांचं काम नाही. मास्तर गावात राहतात की जातात ते त्या सव्वीस खोडांवर ठरणार होतं.

माघात मास्तर सायकलवरून मोसंबीच्या फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले. त्या दिवशी शाळेपुढं ही गर्दी. बा आला, अर्जवाले आले, बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. कुणीतरी नारळ फोडला. मास्तर एकेका रोपापुढं उकिडवे बसायचे, खोडावर छोट्या चाकूनं एक आडवी, एक उभी चीर द्यायचे, साल जराशी उचलायचे, आणि फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवायचे. डोळ्याला पानाच्या देठाचा तुकडा तसाच ठेवलेला. मग ज्याचं रोप त्या पोरानं केळीच्या सोपटाची भिजवलेली पट्टी आवळून गुंडाळायची. शेवटची पट्टी झाली तेव्हा दुपार टळून गेली होती. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, तुमच्या हाताला गुण येऊ दे बरं का!" सगळे हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी सलाम करावा तसा हात कपाळाला लावला.

आमच्याकडं हे फार मानतात. कुणाच्या हातचं बी उगवतं, कुणाच्या हातचं जळतं. पेरणीची पहिली मूठ कुणाकडून सोडवायची, लोणच्याच्या बरणीत कुणी हात घालायचा, गाईला पहिल्यांदा कुणी धार काढायची, सगळं त्या हिशेबानं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, "आता एकवीस दिवस. पट्टी बिलकुल सोडायची न्हाई. पाणी बुडाला घालायचं, पट्टीवर थेंब पडू द्यायचा न्हाई. एकवीस दिवसांनी देठाला बोट लावायचं. देठ टपकन गळून पडला म्हणजे डोळा जिता. देठ वाळून चिकटून बसला म्हणजे डोळा मेला." आणि नेमकं तिसऱ्या दिवशी त्यांना जालन्याला जायचा हुकूम आला. मास्तर लोकांचं शिबिर, सोळा दिवसांचं, शेवटी मराठीचा पेपर. शेजारच्या गावचे मास्तर दिवसाआड येऊन हजेरी घेऊन जाणार होते. जाताना मास्तरांनी फाटकाची दोरी माझ्या हातात दिली. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा दरारा हाय. ही कुणाला आत येऊ द्यायची न्हाई. बराबर ना, बेटा?"

मी चौथीत, वर्गात सगळ्यात मोठी, आणि त्या दिवशी तर मी अशी फुगले की विचारू नका. पाणी घालायला पोरं आली तर मी फाटकात उभी. एकानं आत जायचं, बुडाला पाणी ओतायचं, बाहेर यायचं. कुणी रेंगाळलं की माझं सुरू, "ए, निघ जल्दी! काय बघून राह्यलास?" पोरं मला मनातून शिव्या देत असणार. एकाही पोरानं पट्टीला बोट लावलं नाही. मी लावू दिलं नाही.

आणि मग आठव्या-नवव्या दिवशी मीच लावलं.

झालं असं, की माझ्या रोपाच्या पट्टीतून बाहेर आलेला देठ मला पिवळा वाटला. शाळा सुटली होती, विहिरीवर मोट थांबली होती, मी एकटीच होते. गेला वाटतं डोळा! आता एकविसाव्या दिवसापर्यंत थांबायचं तरी कसं? घरी मटकी भिजवून फडक्यात बांधायचं काम माझ्याकडं असायचं. मोड आलेत का ते मी रोज सोडून बघायची. सुकल्यासारखी दिसली की पाण्याचा हबका मारायचा आणि पुन्हा बांधून ठेवायची. काही बिघडायचं नाही, उलट मोड जोमानं यायचे. माझ्या डोक्यात तेच. म्हटलं हेही तसंच. कोंब तो कोंब. मी पट्टी सोडली. आत डोळा हिरवागार! मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं उडी मारली. ओंजळीनं थोडं पाणी मारलं आणि पट्टी परत गुंडाळली.

तिथंच थांबले असते तर एक रोप गेलं असतं. पण थांबले तर ती मी कसली? मला वाटलं, माझं हिरवं आहे, बाकीच्यांचं काय? सगळी राखण माझ्यावर, मला माहीत नको? मी एकेक करून सगळ्या पट्ट्या सोडल्या. काही डोळे हिरवे, एक-दोन जरा मलूल. मलूल दिसले त्यांना जास्त पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरांना बाहेर ठेवून, फाटक लावून, रोज संध्याकाळी मी त्या सव्वीस पट्ट्या सोडत होते आणि बांधत होते. आणि देवाशप्पथ सांगते, मला वाटत होतं की मी फार माया करून राह्यले त्यांच्यावर.

पाचव्या दिवशी डोळ्यांच्या कडा काळ्या दिसल्या. सहाव्या दिवशी एक डोळा पट्टीसोबतच निघून माझ्या हातात आला. मी तो परत चिरेत खुपसला आणि पट्टी गच्च आवळली. सगळ्याच पट्ट्या गच्च आवळल्या. त्यानंतर मी त्यांना हात लावला नाही. मास्तर यायला चार दिवस राहिले होते. ते चार दिवस मी जेवले कशी, झोपले कशी, मला आठवत नाही. माय म्हणाली, "पोरीला नजर लागली," आणि तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मास्तर आले ते परीक्षा पास होऊन. आल्या आल्या आमच्यासाठी पुडीत रेवड्या. पण त्यांचं लक्ष सगळं बागेकडं. एकविसावा दिवस उजाडला. बा आला होता, अर्जवाले पण आले होते. मास्तर पहिल्या रोपापुढं बसले आणि देठाला बोट लावलं. देठ हलला नाही. त्यांनी जरा जोर दिला. देठ मोडला, पण गळाला नाही. पट्टी सोडली, आत सगळं काळं. दुसरं रोप. तिसरं. प्रत्येक रोपापुढं ते बसायचे, बोट लावायचे, उठायचे. दहाव्या-बाराव्या रोपानंतर लोक चुळबुळ करायला लागले. मास्तरांनी मात्र एकही रोप सोडलं नाही. सव्विसाव्यापर्यंत गेले. तोपर्यंत अर्धे लोक निघून गेले होते.

मग ते आमच्याकडं वळले. रागावले नाहीत. हळूच विचारलं, "पट्टी कुणी सोडली का रे? खरं सांगा. मी मारणार न्हाई."

मारणार नव्हतेच ते. त्यांनी कधी कुणाला मारलं नव्हतं. मारायला माझा बा होता, तो चार पावलांवर उभा होता. पण बाची भीती हे नंतर शोधलेलं कारण आहे, आता खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. वर्गातली शहाणी मी, फळ्यावर जोडाक्षरं लिहून दाखवणारी मी, फाटकात दरारा करणारी मी. ज्या पोरांना मी हाड-हूड केलं त्यांच्यासमोर कबूल करायचं? माझ्या जिवावर आलं. मी मान वर करून म्हणाले, "न्हाई मास्तर. मी राखण केली. कुणीच पट्टीला हात लावला न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान हलवली. "तू होतीस म्हणजे प्रश्नच न्हाई." मग आपल्या उजव्या हाताकडं बघून म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातानं काहीतरी गडबड झाली."

जरा जरी संशय घेतला असता त्यांनी! एकदा जरी म्हणाले असते की, पोरी, तू नक्की सांगतीस का? पण त्यांनी माझ्यावर जितका विश्वास टाकला तितका स्वतःवरचा काढून घेतला.

संध्याकाळी मी पाण्याला चालले होते. चावडीपुढून जाताना बाचा आवाज आला, "एखाद-दुसरं गेलं असतं तर समजलं असतं. सव्वीसच्या सव्वीस? त्याच्या हाताला गुणच न्हाई, दुसरं काय." कुणीतरी म्हणालं, "द्या मंग इकडं तो अर्ज." मी तिथं घागर घेऊन उभी राहिले. पाच पावलं चालून बापाला सांगायचं होतं, मी केलं. चार शब्दसुद्धा नाहीत. मी पाणी भरून घरी गेले.

पाडव्याला आमच्याकडं नवीन पोरांना शाळेत घालतात. पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, गाठी ठेवायची, आणि मग मास्तरांनी पोराचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं. आमचे मास्तर हे शाळा मराठी झाल्यापासून करत आले होते, आणि मुसलमानाच्या हातून श्री कसा काढायचा असं तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्या पाडव्याला कुंभारवाड्यातली एक बाई आपलं पोर घेऊन आली. भली बाई. मास्तरांच्या आईला नेमानं ताक आणून द्यायची. मास्तर पोराशेजारी बसले आणि त्यांनी हात पुढं केला. तशी तिनं पोराला जरासं आपल्याकडं ओढलं. चेहरा पाडून म्हणाली, "मास्तर, राग नका धरू. लेकरू नवसाचं हाय. ही मोठी पोरगी धरंल की त्याचा हात."

आणि तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

मास्तर उठून बाजूला झाले. "हां हां, बराबर हाय," म्हणाले. "ये बेटा, बस इथं." मी बसले. त्या पोराचा इवलासा घामेजलेला हात माझ्या हातात धरला आणि श्री काढला. पोराची आई माझ्या पाया पडायला लावत होती त्याला. मागं मास्तर उभे होते. ते काय करत होते ते मी वळून बघितलं नाही. त्या दिवशी सात पोरं दाखल झाली. सातही जणांचा हात मी धरला, कारण पहिलीनं केलं तेच बाकीच्या आयांनीही केलं. सात वेळा मला तोंड उघडायची संधी होती. आज कुणी मला म्हणालं की तू लहान होतीस, जाऊ दे, तर मला त्या माणसाचाच राग येतो. लहान होते, पण मला सगळं कळत होतं.

उन्हाळ्यात त्यांची बदली आली. सामान ते काय, एक ट्रंक, दोन वळकट्या, सायकल आणि म्हातारी. गाडी आमच्याच घरची, बानंच दिली. तेवढी रीत त्यानं पाळली. आम्ही पोरं वेशीपर्यंत गेलो. म्हातारी गाडीत बसून एकेकाचं तोंड चाचपून बघत होती. माझं तोंड तिच्या हाताला लागलं तेव्हा ती म्हणाली, "तूने बहुत मेहनत की, बेटी." मी रडले. सगळ्यांना वाटलं मास्तर चालले म्हणून रडते. दुसरे मास्तर आले. त्यांनी मोकळी पट्टी गावकीला परत दिली आणि गुरं पुन्हा तिथं बसायला लागली. मी चौथी पास झाले आणि माझी शाळा संपली.

चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. घनसावंगीकडचं सासर, गोदावरीच्या अंगाचं, पाण्याचं. तिथं दिराला बागेचा नाद. त्यानं कलमं बांधणारा माणूस आणला होता, तेव्हा मी न राहवून त्याला विचारलं, मधे पट्टी सोडली तर काय होतं हो? तो हसला. "काय व्हायचं? वारा लागतो, पाणी शिरतं, डोळा मरतो. कितीबी हुशार माणसानं बसवलेला असू द्या." म्हणजे तोवर मनाच्या कोपऱ्यात जी एक पळवाट होती, की कदाचित मास्तरांचीच काही चूक असेल, तीही बंद झाली.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी, माझी थोरली मुलगी कडेवर असताना, मी माहेराहून परत निघाले होते. परतूरच्या स्टेशनवर नवरा तिकिटं काढायला गेला आणि मी बाकाकडं वळले, तर बाकावर मास्तर. दाढी पांढरी झालेली, टोपी तीच. शेजारी त्यांच्या वयाचे दुसरे एक गृहस्थ. मी जवळ जाऊन वाकले. त्यांनी क्षणभर बघितलं आणि ओळखलं. इतके खूश झाले! मुलीला मांडीवर घेतलं, खिशातून खडीसाखर काढून दिली. आई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं. नवीन गावात ती शेवटपर्यंत रुळली नाही म्हणाले. मी भीतभीत विचारलं, "आन् मास्तर, झाडं? तिथल्या शाळेत बाग केली का?"

"न्हाई बेटी," ते म्हणाले. "त्यानंतर चाकू हातात धरलाच न्हाई. पोरांना बी रोप लावायला मी शेजारच्या मास्तरांकडं पाठवतो. आपल्या हाताला काय जमत न्हाई ते माणसाला कळलं पाहिजे. उगाच दुसऱ्याच्या लेकराचं नुकसान कशाला?" हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की जणू डोळ्याला कमी दिसतं असं सांगत होते.

मग मात्र माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. पिवळा देठ, मटकीचं फडकं, पाण्याचा हबका, सव्वीस पट्ट्या, रोज संध्याकाळी. निघून आलेला डोळा मी परत कसा खुपसला ते सांगितलं. "तुमच्या हाताला काही झालं नव्हतं मास्तर. मी मारले ते. मी खोटं बोलले." माझा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं बघत होती, पण मला पर्वा नव्हती.

मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, फार मायेचं. "तू? तू तर मुंगीला बी फाटकात येऊ देत नव्हतीस."

"खरं सांगून राह्यले मास्तर! लेकराची शप्पथ!"

"लेकराची शप्पथ घेऊ न्हाई, बेटी," असं म्हणून त्यांनी मुलीला माझ्याकडं दिलं. त्यांची गाडी फलाटाला लागत होती. ते दोघं उठले. चालता चालता ते शेजारच्या गृहस्थांना हळू आवाजात म्हणाले, "हमारी शागिर्द है. हमारा दिल रखने को सब अपने सर ले रही है."

मी मागं धावले. डब्याच्या दारापर्यंत गेले, पुन्हा सांगितलं, नवरा हाका मारत होता तरी सांगितलं. मास्तर खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि माझे आभार मानले.